कढीपत्ता, कॅरल आणि एक छोटीशी गोष्ट

...नाही, हसू नका! लेख म्हणजे काय वाटतं हो तुम्हाला, लिहिला, पाठवला, छापला? मलाही तसंच वाटलं होतं! अहो, साडेतीन महिने! इथे अमेरिकेत तेवढ्यात लोक घर बांधतात, लाकडाचं का होईना, आणि मी काय केलं? तर एक लेख! आणि तो का, तर आमच्या समोरच्या अपार्टमेंटमधल्या प्रसन्नचा एका वेबसाइटवर लेख आला म्हणून. विषय काय, तर गॅरेज कसं आवरावं! त्याला स्वतःचं गॅरेज नाही! पण त्याची सुलेखा आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून जेवतात तिथे, त्याचे प्रिंटआउट वाटत फिरते, आणि नीलांबरी, म्हणजे आमची ही, नुसती माझ्याकडे बघते. नुसती बघते!

आता मी कशावर लिहिणार? सॉफ्टवेअर टेस्टिंगवर? कोण वाचणार? पण तुम्हाला सांगतो, माझ्याकडे कढीपत्ता होता! शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून चार तास नीलांबरीच्या मांडीवर बसून आलेलं वीतभर रोप, ॲन आर्बरच्या थंडीत सहा वर्षं जगवून माझ्या खांद्याएवढं केलेलं, अख्खं मंडळ फोडणीच्या वेळेला आमची बेल वाजवायचं! म्हटलं, हाच विषय. 'मिशिगनच्या हिवाळ्यात कढीपत्ता कसा जगवावा.' बत्तीसशे शब्द लिहिले आणि बागकामाच्या एका वेबसाइटला दिले पाठवून. दुसऱ्याच दिवशी संपादिकाबाईंचं उत्तर, कॅरल त्यांचं नाव. "लव्हली, प्रॅल्हॅड! आय लव्ह इट! जस्ट वन स्मॉल थिंग..."

मी पुढचं वाचलंच नाही! लव्हली म्हटल्यावर पुढचं कोण वाचतं? पेढे आणले, मंडळाला ईमेल टाकला, सासऱ्यांना पुण्याला फोन केला... आणि संध्याकाळी नीलांबरीने पुढचं वाचून दाखवलं. छोटी गोष्ट काय, तर सहाशे शब्द करा!

केले. रक्ताचं पाणी करून केले. तर, "वंडरफुल! जस्ट वन स्मॉल थिंग... रोप जरा लवकर येईल का लेखात?" म्हणजे त्याआधी माझा व्हिसा होता, स्टॅम्पिंग होतं, पहिल्या बर्फात घसरून पडलो ते होतं... सगळं काढलं! फाइल उघडली की बाईंच्या दुरुस्त्यांनी लालच लाल, जसा काही कुणी कुंकवाचा करंडा सांडलाय. मग, "ब्यूटिफुल! जस्ट वन स्मॉल थिंग... 'अंदाजाने पाणी घाला' म्हणजे किती औंस?" आता काय सांगू हिला? अहो, अंदाज म्हणजे अंदाज! शेवटी मापाचा कप घेऊन महिनाभर रोपाशेजारी उभा राहिलो, नोंदी करत! ऑफिसात कधी इतकं टेस्टिंग केलं नाही!

डिसेंबर उजाडला. "परफेक्ट! सोमवारी छापतेय. जस्ट वन स्मॉल थिंग, एक फोटो हवा." आता इथे मी कॅरलला दोष देत नाही, अक्कल माझीच. म्हटलं, हिवाळ्याचा लेख, तर फोटोत हिवाळा नको? शनिवारी सकाळी कुंडी उचलली, बाल्कनीतल्या बर्फात ठेवली, फोटो काढला. दोन मिनिटांचं काम! तो पाठवायला आत आलो, तर इनबॉक्समध्ये बाई हजर. "जस्ट वन स्मॉल थिंग... शेवटचा परिच्छेद जरा वॉर्म करता येईल?" बसलो की वॉर्म करायला! अकराला बसलो तो चार वाजेपर्यंत, आणि परिच्छेद असा काही झाला म्हणता... तेवढ्यात आमची निधी, आठ वर्षांची, काचेला नाक लावून म्हणते, "बाबा, व्हाय इज द प्लँट आउटसाइड?"

पाच तास! उणे बारा! पानं काळी पडलेली, हात लावला की गळत होती. नीलांबरीने टॉवेलात गुंडाळून हीटरजवळ ठेवलं, रविवार दुपारपर्यंत वाट बघितली... गेलं. तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. सहा वर्षं हो! आणि उद्या लेख येणार, 'कढीपत्ता कसा जगवावा', आणि घरात सुतक! कॅरलला काय कळणार होतं म्हणा, फोटोत तर रोप हिरवंगार. पण लेख वाचून कुणी मूठभर पानं मागायला दारात आलं तर? आणि निधी सगळं बघत होती. म्हटलं, नको. लिहून टाकलं, बाई, रोप गेलं, लेख मागे घेतो.

तर पहिल्यांदाच बाईंचा फोन! "ओ नो, प्रॅल्हॅड... आय ॲम सो सॉरी." खरंच हळहळली हो. आणि मग म्हणते,

"जस्ट वन स्मॉल थिंग... कॅन यू राइट दॅट?"

लिहिलं! चिडून, रडत, वीस मिनिटांत! बाईंनी एक स्वल्पविरामही हलवला नाही. सोमवारी आला लेख, 'मी माझा कढीपत्ता कसा मारला', आणि तुफान चालला, नीलांबरी आता पॉटलकला प्रिंटआउट वाटते! फक्त लेखाच्या खाली लेखकाची ओळख असते ना, दोन ओळींची, ती कॅरलने मला न विचारता स्वतःच लिहिली. आणि तीही खोटी म्हणता येत नाही हो... "प्रल्हाद ॲन आर्बरमध्ये पत्नी आणि मुलीसोबत राहतात. दोघी अजून सुखरूप आहेत."