एकीलाच आत सोडतात

नाही, नाही, विहीणबाई, ओढू नका — दोरी तुटेल त्या पासाची, आणि मग दोघीही बसू बाहेरच! नर्सनं पास माझ्या हातात दिला होता. माझ्या. तुम्ही मध्येच वाकलात, मला वाटलं मान देताय, म्हणून मीही वाकले, आणि वर बघते तो पासाचं एक टोक तुमच्या मुठीत! हा कुठला मान म्हणायचा? हे बघा, सुमिमासेन. माफ करा म्हटलं, तुमच्याच भाषेत म्हटलं, आता सोडा. सोडताय का? नाही. पुन्हा वाकताय. आता मी नाही वाकणार, माझी कंबर काय भाड्यानं आणलीय?

एकीलाच आत सोडतात, ऐकलंत ना नर्सचं? नाही ऐकलंत, म्हणजे ऐकलंत पण कळलं नाही, आणि तेच तर मी मघापासून सांगतेय — तुम्ही आत जाऊन करणार काय? डॉक्टर काही विचारतील, तुम्ही हसाल. नर्स सरका म्हणेल, तुम्ही हसाल. तुम्ही परवा आलात. मी दोन्हीकडचं बोलते. इथलं बोलते, तुमचं बोलते. चौथीत शाळा सुटली माझी, पण अडलं का कुठं? औषधांच्या बाटल्यांवरून इंग्रजी वाचायला शिकले. नवरा गेल्यावर गाडी शिकले — शिकवणारा पहिल्याच दिवशी मध्येच उतरून पळाला, दुसऱ्या दिवशी एकटीनं चालवली. मग जपानी म्हणजे काय वाघ आहे? मुलगा म्हणाला, आई, ती इंग्रजी बोलते की, तू कशाला डोकं शिणवतेस. म्हटलं, तुझ्याशी बोलते रे, माझं इंग्रजी ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ इथंच संपतं. सुनेशी काय तेवढंच बोलू?

मोबाइलवर एक बाई शिकवते — तुमच्याकडचीच असेल, तीही सारखी वाकते. एकेक धडा म्हणजे एकेक प्रसंग. दुकानात, स्टेशनवर, पोस्टात, लिफ्टपाशी. आणि नुसतं घोकलं नाही मी, तुमच्या लेकीनं करून घेतलं. ऑफिसातून दमून यायची, तरी चहा झाला की ओट्यामागे उभी राहायची — ती दुकानदार, मी गिऱ्हाईक. मी कांदा उचलायचा, ‘इकुरा देस का’, केवढ्याला, आणि ती अशी काही किंमत सांगायची की मी मराठीतच तिचा उद्धार करायची. मग हसायचो. पोट एवढं पुढे आलेलं, तरी ओट्याला धरून हसायची पोरगी. माझ्या घरात कुणी एवढं हसलेलं मी... जाऊ दे. सांगायचं काय, की आमचं जमतं. तुम्ही जन्म दिलात, कबूल, पण रोजचं दार मी उघडते तिला. मग आत कोण जाणार? मीच जाणार. सरळ आहे.

काय? काय म्हणालात? हं... हं... ‘वाकारिमाशिता’. समजलं.

नाही समजलं. एवढी बोललात, त्यातला ‘दार’ हा शब्द तेवढा कळला, आणि तोही तुम्ही दाराकडे बोट केलंत म्हणून. पण तोंडातून आलं काय? समजलं! खोड आहे ती माझी. ‘समजलं नाही’ हेसुद्धा पहिल्याच धड्यात होतं, पाठ आहे, पण माझ्या तोंडून ते कधी निघालंय? मराठीतसुद्धा नाही निघालं. सकाळी टॅक्सीतही तेच. माझा हात तिनं असा आवळला होता की अंगठी रुतली, आणि बोलत होती, एकसारखी, तुमच्या भाषेत. इंग्रजीचा एक शब्द नाही. मी म्हणतेय समजलं, समजलं — तिला वाटलं असेल, खरंच समजलं. मला वाटलं जीव घाबरतोय, वारा हवाय, म्हणून काच खाली केली. ती आणखी बोलायला लागली. मी पलीकडचीही खाली केली. इथं उतरलो तेव्हा पोरीचे दात वाजत होते, विहीणबाई. नर्सनं घोंगडीत गुंडाळलं तिला. थंडी वाजतेय, एवढंच सांगत होती बिचारी. हवामानाचा धडा अजून यायचा होता माझा.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. बरं आहे, तुम्हाला मराठी येत नाही ते.

आणि बघताय काय अशा? डोळे पुसू नका, मला नाही चालत. तुमचा जावई अजून विमानात, फोन लागत नाही, नाहीतर त्यालाच विचारलं असतं, बाबा रे, सांग दोघींतली कोण. त्यानं माझंच नाव... काय माहीत, घेतलं असतं की नसतं —

ऐकलंत? तीच ती! तिचाच आवाज! काय म्हणतेय? अहो, काय म्हणतेय ती? दुकानातलं नाही, स्टेशनवरचं नाही, एक शब्द म्हणून कानाला लागत नाही... तुमचा चेहरा असा का झाला? तुम्हाला कळलं. ओठ हलतायत तुमचे, तुम्ही इथूनच उत्तर देताय तिला. आणि मी? मी मघापासून तुमच्याशी भांडतेय ती कुठल्या भाषेत? मराठीत! वर्षभर घोकलेलं सगळं रागाच्या एका सपाट्यात उडालं, आपलं ते तेवढं राहिलं. मग ती तर आत कळा सोसतेय. तिचं इंग्रजी कुठं राहणार? आणि मी आत जाऊन काय करू, खिडकी उघडू?

मुठी कसल्या आवळताय, थांबा, दोरी गुंतलीय, मी सोडवते. मान खाली करा. केसात अडकेल. हं. घाला गळ्यात. नका वाकू आता, वेळ कुठाय! लिफ्टच्या धड्यात ती मोबाइलवाली एक करून दाखवते — दार उघडलं की आपण एक पाऊल मागे सरायचं, हात असा पुढे करायचा, आणि दुसऱ्याला सांगायचं, आधी तुम्ही. मी कधी म्हटलं नव्हतं कुणाला. नर्सबाई, उघडा ते दार. ही आई आहे तिची. जा, विहीणबाई —

‘ओसाकि नि, दोझो.’