अनोळखी बाईची खुर्ची

नाही, नाही, एवढं गोड हसायचं नाही. तू हसलीस की मूल तुझ्याकडे यायला लागतं, आणि मग आपण बघतोय काय हेच कळेनासं होतं. अनोळखी बाई म्हणजे वाईट बाई नव्हे, पण लाडाची मामीही नव्हे. बाई आत येते, खुर्चीवर बसते, आधी गप्प — मग आईशी दोन शब्द — मग हळूच खाली सतरंजीवर, ठोकळ्यांपाशी. मग आई उठून जाते. हो, न सांगता. अगं, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मूल रडतं, नाही रडत, दारापाशी जाऊन उभं राहतं — त्याचं काय एवढं, मुलं केस कापायला नेलं तरी रडतात. आई परत आल्यावर ते काय करतं, खरा पेपर तो. मूल कुणाकडे धावतं, कुणापाशी शांत होतं, मॅडम त्यांच्या संशोधनासाठी त्या काचेपलीकडून, आपल्याला न दिसता, तेच बघत असतात.

खुर्ची जरा तिरकी लाव. हं. तू पहिल्याच वर्षाला आहेस, घाबरू नकोस, मला तर कुणी एवढंही शिकवलं नव्हतं. एम.ए.चं पहिलं सत्र, बालमानसशास्त्र म्हणजे मुलांशी खेळायचं असं वाटायचं मला — आणि मॅडम म्हणाल्या, तुझा चेहरा बरा आहे, कुणाच्या लक्षात राहत नाही. झाले मी अनोळखी बाई. तेव्हापासून तेच. बाकीच्यांनी पुस्तकं पाठ केली, मी पोरांची रडणी. वाजणारं काही घालायचं नाही, आणि मूल रडलं तरी घाईघाईने उचलायचं नाही. जमतं. सुरुवातीला हात आपोआप पुढे जातात, मग जमतं.

आईच्या खुर्चीवर ना? — जन्म दिलेलीच हवी असं नाही. गेले सहा महिने जी भरवते, झोपवते, ती बसते. आजी असेल तर आजी. एकदा एक आजोबा बसले होते. बाहेर जाताना चष्मा मुद्दाम विसरून गेले, नातवाला तेवढाच आधार म्हणून. मॅडमनी सगळं पुन्हा करायला लावलं. आजोबा दुसऱ्या वेळी काठी विसरले.

आता येणारा शेवटचाच. मॅडमना एक मूल कमी पडत होतं, मी म्हटलं बहिणीचा आहे, सव्वादोन वर्षांचा — ढब्बू म्हणतो आम्ही. ताई घेऊन आलीय, बाहेर बाकावर बसलीत दोघं. बघितलास ना येताना? — हो, नाक आहे माझ्यासारखं. मावशीवर जातात मुलं, त्यात काय. त्याला फक्त उजव्या कुशीवर झोप लागते बघ, डावीकडे वळवला की पाय झाडतो. पोटात होता तेव्हाही तसंच, मी जरा डावीकडे वळले की —

ते ठोकळे दे इकडे. पुसायचे राहिलेत.

बरं, ऐकलंस तर ऐकलंस. माझाच आहे. मॅडमना माहीत नाही, सांगायला जाऊ नकोस. चार महिन्यांचा होता तेव्हा प्रवेश मिळाला. घरात सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू — आणि आमच्याकडे पुढच्या वर्षी म्हणजे काय ते मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. नवऱ्याची फिरतीची नोकरी, त्याला कोण विचारतंय. ताई म्हणाली, जा तू, मी सांभाळते, माय मरो पण मावशी उरो म्हणतातच की — आणि हसली. मीही हसले. तिने काही वाईट केलं नाही हं. माझा फोटो दाखवून आई म्हणायला शिकवायची त्याला. तो फोटोला आई म्हणायचा आणि तिलाही आई म्हणायचा. सुट्टीत जायचे मी. मग मागच्या दोन सुट्ट्या प्रबंधात गेल्या.

अगं, रडायला काय झालं तुला? मी रडतेय का? मला काही वाटत नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, गाल आपलाच असतो पण हात लावला तर कळत नाही — तसं. आता परीक्षा झाली की त्याला घेऊन जायचंय. ताईने त्याचे कपडे घड्या घालून वेगळे ठेवलेत. उलगडते आणि पुन्हा घड्या घालते. आणि जिच्याकडे मूल धावतं तिच्यापासून ते तोडलं तर काय होतं, हा प्रश्न दहा मार्कांना असतो. मी लिहीन, चांगलं लिहीन. म्हणून म्हटलं एकदा बघू. ताई परत आल्यावर तो जर तिच्याकडे गेला, आणि तिच्या खांद्यावर गप्प झाला — तर नाही नेणार मी त्याला. नवऱ्याला काय सांगायचं ते नंतर बघेन.

काचेपलीकडून बघणार होते. तू खुर्चीवर, मी मॅडमच्या शेजारी. ओळखीच्या माणसाने आत बसायचं नाही असा नियम आहे, मावशीनेसुद्धा नाही, म्हणून तर तुला बोलावलं. पण मघाशी मी बाहेर ताईला आणि ढब्बूला पाणी द्यायला गेले. त्याने पेला घेतला माझ्या हातातून, नीट दोन्ही हातांनी, आणि ताईला विचारलं, ही बाई कोण?

ताईने खाली बघितलं. मी म्हटलं, पाणी पी.

तेव्हा नियमात बसते मी. ताई बाहेर गेली की थोडा वेळ तो आणि मी, दोघंच. रडला तर रडला. घाईने उचलणार नाही, मला येतं ते.

आलेच बघ ते, दार वाजलं. मॅडमना सांग, आज तुला बरं वाटत नाही, आणि मावशीला तो ओळखत नाही. ऊठ त्या खुर्चीवरून.