एकतीस किलो चारशे ग्रॅम

पुरवणी जबाब
दिनांक २८/०१/२०२५, वेळ दुपारी १.१०

मी रंजिता हेमकांत चौधरी, वय ६२ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. (पदार्थविज्ञान), बी.एड., व्यवसाय सेवानिवृत्त माध्यमिक शिक्षिका, राहणार पुरुषोत्तमनगर, ता. शहादा, जि. नंदुरबार. आज सकाळी स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून काल दिलेल्या माझ्या फिर्यादीबाबत पुढीलप्रमाणे सांगते, की

मी वरील ठिकाणी पती हेमकांत यांच्यासह राहते. आमच्या वसाहतीत बारा जणांचे गाण्याचे मंडळ आहे व मी त्याची अध्यक्ष आहे. मंडळात बेस गिटार कुंदन नवल बागुल, वय ३९, हे वाजवतात. त्यांचे शहादा रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. आठवी ते दहावी ते माझ्या वर्गात होते. काल फिर्यादीत मी त्यांचा उल्लेख एकेरी केला होता.

अंमलदारांनी विचारल्यावरून खुलासा करते, की बेसच्या सेटमध्ये गिटार, प्रीअँप, पॉवर अँप आणि दोन मोठे बॉक्स असतात. बॉक्सला ताकद पॉवर अँप देतो. बेसचा जाड सूर वाजायला इतर वाद्यांच्या कितीतरी पट ताकद लागते. आमचा जुना पॉवर अँप गणपतीत जळाला. दोन्ही बॉक्स मिळून चारशे वॉट देईल असा, पण मंडळाला परवडेल असा अँप निवडायचा होता. विज्ञानाची शिक्षिका म्हणून निवड माझ्यावर सोपवली गेली. सोपवली नसती तरी मी ती दुसऱ्या कोणाला करू दिली नसती.

दिनांक १०/१२/२०२४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी व कुंदन शहादा येथे नवनीत यांच्या साउंडच्या दुकानात गेलो. त्यांनी आमच्या ऐपतीतला एक नवा अँप दाखवला. मी तो एका हाताने उचलला. पाच किलोही नसेल. मी विचारले, "यातला ट्रान्सफॉर्मर कुठे आहे?" नवनीत म्हणाले, "मॅडम, आता लोखंडाचा मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. स्विचिंग सप्लाय असतो." मी म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर नाही तर वॉट काय आभाळातून येतात? रिकामा डबा विकता का?" दुकानात तीन गिऱ्हाइके होती. ती हसली. कुंदन मला म्हणाले, "बाई, हाई हलकं शे, पन खोटं नही. आते असंच येस." मी त्यांना दहावीतले त्यांचे विज्ञानाचे गुण आठवतात का, असे विचारले. ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

अँप जितका जड तितका त्यात लोखंड व तांबे जास्त, म्हणून तितका दमदार, असे मी १९८४ साली शिकले. ते त्या काळी खरे होते. आमच्या भागात आजही साउंडवाले मशीन घेताना आधी उचलून पाहतात.

दिनांक १७/१२/२०२४ रोजी दुपारी मी पतीसह सारंगखेड्याच्या यात्रेत गेले. घोडेबाजाराच्या कडेला वापरलेल्या साउंड सामानाचा एक स्टॉल होता. विक्रेत्याचे नाव मी विचारले नाही. बिलावरही नाव नाही. त्याच्याकडे एक हजार वॉट असे लिहिलेला काळा अँप होता. तो मला एकटीला उचलवला नाही. मला तो पसंत पडला. विक्रेत्याने एका छोट्या स्पीकरवर गाणे लावून दाखवले, ते स्वच्छ वाजले. मी शेजारच्या कापूस खरेदीवाल्याच्या काट्यावर अँप ठेवायला लावला. माझे पती म्हणाले, "तू मशीन ली ऱ्हायनी का घोडं? दात बी देखी ले." काट्यावर एकतीस किलो चारशे ग्रॅम भरले. मी त्या वजनाची तारखेसह चिठ्ठी लिहून घेतली व काटेवाल्याची सही घेतली. प्रयोगशाळेत मोजलेली वस्तू लिहून ठेवायची, ही माझी तीस वर्षांची सवय आहे. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये राहिली. आकडा मी कोणाला सांगितला नाही.

अँप त्याच दिवशी कुंदन यांच्या दुकानात ठेवला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरावाच्या वेळी ते मला म्हणाले, "बाई, येन्हामा जोर नही. झाकन उघाडी देखू का?" मी नाही म्हणाले. झाकणाच्या सांध्यावर विक्रेत्याची चिकटपट्टी होती. ती फाटली तर तो बदलून देणार नव्हता. कुंदन यांनी दोन वेळा विचारले. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. ही गोष्ट मी कालच्या फिर्यादीत सांगितली नाही.

दिनांक २६/०१/२०२५ रोजी सकाळी ध्वजवंदनानंतर वसाहतीच्या मैदानावर आमचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच गाण्यात बेसचा आवाज फाटला, अँपच्या जाळीतून धूर आला व तो बंद पडला. कुंदन यांनी पिन काढली. मी झाकण उघडायला सांगितले. चिकटपट्टी मी माझ्या हाताने फाडली. ती अखंड होती. आत तळव्याएवढे एक सर्किट, एक लहान पंखा आणि मसाला वाटायच्या पाट्याचा अर्धा तुकडा होता. पाट्यावर टाकीचे घाव स्पष्ट दिसत होते. तो पांढऱ्या सिमेंटात बसवला होता. मंडळातल्या गायत्री यांनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. 

त्यानंतर मी कुंदन यांना विचारले, "लोखंड कुठे आहे?" ते म्हणाले, "कोन्तं लोखंड, बाई?" मी म्हणाले, "जे मी तोलून आणले ते." अँप सव्वा महिना त्यांच्याकडे होता. त्यांच्या दुकानात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. ट्रान्सफॉर्मर काढून, जागी पाटा बसवून त्यांनी पट्टी पुन्हा चिकटवली असेल, असे मी गृहीत धरले. हे सर्व मी मैदानावर, ध्वनिक्षेपक चालू असताना बोलले. दुपारी वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "चोर आपल्यातच होता" असे लिहिले. ग्रुपमध्ये दोनशे जण आहेत. कुंदनही आहेत.

काल दिनांक २७ रोजी मी फिर्याद दिली. त्यावरून कुंदन यांना दुकानातून चौकशीसाठी बोलावण्यात आले, संध्याकाळी घरी पाठवले व आज दहा वाजता पुन्हा हजर राहण्यास सांगितले.

आज सकाळी आठ वाजता कुंदन यांच्या आई गजराबाई माझ्या दारी आल्या. त्या आत आल्या नाहीत. पायरीवरूनच म्हणाल्या, "बाई, मन्हा आंडोर चोर नही. तुम्हना हातखाले शिकेल शे तो." मी त्यांना सांगितले, की माझ्याकडे लेखी पुरावा आहे, ठाण्यात या, किती किलो माल चोरला ते तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते. त्या पायी आल्या. मी पतीच्या स्कूटरवर आले.

ठाण्यात मी चिठ्ठी हजर केली व जप्त केलेल्या अँपचे वजन करण्याचा आग्रह धरला. तो समोरच्या भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवण्यात आला. दोन पंच, कुंदन व गजराबाई हजर होते. वजन एकतीस किलो चारशे ग्रॅम भरले.

मी काटा शून्यावर आणून पुन्हा तोलायला सांगितले. तेवढेच भरले. तिसऱ्यांदाही तेवढेच भरले.

म्हणजे मी सारंगखेड्यात जे तोलून घेतले, त्यात हा पाटा होताच. मी चिठ्ठी करून घेतली ती दगडाच्या वजनाची. त्यानंतर मी अँपचा तळ नीट पाहिला. मोठा ट्रान्सफॉर्मर बसवायला तळपत्र्याला जाड बोल्टची चार भोके लागतात. तेथे एकही भोक नाही. हे परवा झाकण उघडले तेव्हाही दिसले असते. मी पाहिले नाही. सांध्यावरची पट्टी अखंड होती, हेही मला परवाच ठाऊक होते.

दुकानदार पुढचे गिऱ्हाईक आले म्हणून काटा मोकळा करा म्हणाला. मी अँपला हात घातला, पण तो मला उचलवला नाही. तो कुंदन यांनी उतरवला व ठाण्यात आणून ठेवला.  

गजराबाईंनी मला विचारले, "वजन व्हयनं ना बाई? मंग आते घर जाऊत का आम्ही?"

 मी अंमलदारांकडे पाहिले. त्यांनी सांगितले, की फिर्यादीने पुरवणी जबाब दिल्याशिवाय कागद पुढे सरकणार नाही. म्हणून मी तत्काळ हा जबाब देत आहे. माझी कुंदन नवल बागुल यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्यांनी चोरी केलेली नाही. निवड माझी होती आणि त्यांच्यावर संशय घेण्यात माझी चूक झाली. माझी तक्रार यात्रेतील त्या अनोळखी विक्रेत्याविरुद्ध आहे. मैदानावर मी जे बोलले ते त्याच मैदानावर, त्याच ध्वनिक्षेपकावरून परत घेईन. ग्रुपवर काय लिहायचे ते अजून सुचलेले नाही.

कुंदन व गजराबाई या क्षणी बाहेरच्या बाकावर बसून आहेत. त्यांनी सकाळपासून चहा घेतलेला नाही. मी पाठवलेला परत आला.

वरील मजकूर संगणकावर टंकलिखित करून मला वाचून दाखवण्यात आला. बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा, ही माझी विनंती मान्य झाली. त्यात एके ठिकाणी "माझी चूक झाली असावी" असे लिहिले गेले होते. त्यातील "असावी" हा शब्द मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे व खरे आहे.

(सही)
रंजिता हेमकांत चौधरी