निळ्या ड्रेसची माया

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई होय. बोल. नाही गं, मोकळी कसली, एका गृहस्थांच्या पँटची उंची कमी करतेय, ते बाहेर बाकावर बसलेत… बोल तू, फोन खांद्याला धरलाय, हात चालू आहेत माझे.

कोण म्हणालं?… माझ्या कन्येने फोन केला तुला? चहाड्या करायला बरा वेळ मिळतो तिला. अगं, पडले-बिडले नाही. मशीनवर बसले होते, डोळ्यांपुढे जरा अंधारी आली, डोकं टेकवलं. बास. राईचा पर्वत करते नुसती.

खाते ना… सकाळी? सकाळी सूप… अर्धी वाटी… ताई, अकरा महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून पोट एवढंसं केलंय माझं, त्यात मावणार किती?… हो, अंडं खायला सांगितलंय. हो, रोज… उकडून डब्यात ठेवलंय, खाईन… उलटतपासणी घेतेस का माझी?

बरं, ऐक ना. तू फोन केलासच आहेस तर… अगं ऐक ना, मग रागव. मला तुला एक विचारायचंय. परवापासून डोक्यात भुंगा शिरलाय. माझं वजन बावन्न कधी होतं?

बावन्न. पन्नास आणि दोन… हसतेस काय, होतं.

त्याचं काय झालं, परवा त्या आहारवाल्या बाईंकडे गेले होते, दवाखान्यातल्या. एकशे एकोणीसवरून शहात्तरवर आलंय आणि तिथेच ठाण मांडून बसलंय… हो, हो, पुष्कळ उतरलं, माहीत आहे. पण आता हलेना ना. तर बाई म्हणाल्या, कुठे थांबायचं तो आकडा आपण ठरवू. मी म्हटलं, ठरलेलाच आहे, बावन्न. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बावन्नच का? साठ का नाही?… रागावल्या नाहीत गं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला सांगताच येईना. फळ्यापुढे उभं केल्यासारखी झाले मी.

मग समजावलं त्यांनी. ऑपरेशनने पोट लहान होतं, हाडं लहान होत नाहीत. बहुतेकांचं वजन तक्त्यातल्या आकड्याच्या बरंच वर येऊन थांबतं. तिथे तब्येत चांगली असेल तर तेच आपलं म्हणायचं. माझं चौऱ्याहत्तरला थांबेल म्हणाल्या. खाणं तोडून त्याखाली ओढत राहिले तर अशीच अंधारी येत राहणार… हो, सांगितलं मी त्यांना. तेवढं सांगितलं… अगं पण चौऱ्याहत्तर हे काय वजन आहे? एवढं सोसलं ते चौऱ्याहत्तरसाठी?… साखर उतरली, हो. जिना चढते, हो. गुडघे… हो गं बाई, कबूल. पण मला माझं खरं वजन हवंय, त्याचं काय?

उद्या परत बोलावलंय. बावन्न आलं कुठून ते शोधून या म्हणाल्या. म्हणून विचारतेय तुला… तोवर काय, बावन्नच. अर्धी वाटी सूपच.

थांब हं… बसा, बसा, इस्त्री तापतेय, झालंच… तुला नाही, त्यांना.

तर मला एवढंच आठवतं, निळा ड्रेस. तो मला यायचा तेव्हा मी बावन्न होते… आहे ना. समोर पुतळ्यावरच चढवलाय. रोज दुकान उघडलं की पडद्यामागे जाऊन घालून बघते… वेड नाही लागलं मला. चेन बरगड्यांपर्यंत येते आणि अडते… काय अडतं म्हणजे? मांस नाही गं, तिथे आता मांस कुठे. बरगडीच अडते.

…हं.

…नाही, असं नव्हतं आलं लक्षात. दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, बाई, ड्रेस उसवू, बरगडी काही आत घेता येत नाही.

फोटोतला? हो, तोच ड्रेस. फोटो तुझ्या लग्नातला. मी कडेला उभी आहे बघ. बायका सगळ्या म्हणत होत्या, किती छान बारीक झालीस. आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलंय मी ते.

…कशातून उठले होते?… टायफॉइड त्या वर्षीचा? तो तर कितीतरी आधी… नाही?… लग्नाच्या तोंडावर? बरा होता होता उलटला, हो, ते आठवतंय. तू चमच्याने भरवायचीस आणि मी तोंड फिरवायचे. पण तो आजार आणि हा फोटो मी एकत्र कधी धरलेच नाहीत.

थांब, थांब. काट्यावर डॉक्टरांनी उभं केलं… बावन्न… आणि आई?… रडली? बावन्न बघून?

…

थांब, ही पँट खाली ठेवते. हं, बोल.

म्हणजे ते माझं वजन नव्हतंच. आजाराचं होतं. आणि मी ते तीस वर्षं… नाही, रडत नाहीये… रडतेय थोडी.

काय? लग्नासाठी शिवला नव्हता?… आजारपणाच्या आधीचा, आणि अंगावर लोंबायला लागला म्हणून आईने आत घेतला? मला कोणी सांगितलं नाही ते… थांब, शिवणीत दिसेल ना. पुतळ्यावरून काढते. उलटा केला… हं… अगं ताई, आत माया आहे. चांगली तीन बोटं. माया गं, पुढे सैल करता यावं म्हणून आत राखून ठेवतो ते जास्तीचं कापड. दोन्ही बाजूंना आहे. आणि जुन्या शिलाईची भोकं दिसतायत ओळीने. नवी शिलाई मशीनची नाहीच. हाताने धावदोरा घातलाय.

तुला नाही कळायचं. आई फाटकं पोतंसुद्धा मशीनवर दोनदा शिवायची. धावदोरा कधी घालतो आपण? उसवायचा असतो तेव्हा. तिला हे माप राहू द्यायचंच नव्हतं.

…हो, म्हणायची ना, आण, सैल करून देते. मीच द्यायचे नाही. म्हणायचे, राहू दे, मी बारीक होईन.

थांब, टेप धरते. जुन्या भोकांवरून… छाती… कंबर… ताई, बोटभर इकडेतिकडे, मापं माझी आत्ताचीच आहेत ही. आजाराच्या आधी मी किती होते गं?… सत्तर? नक्की?… आणि दिसायचे कशी?… धडधाकट. कापडाचे तागे एकटी उचलायचे, हो. आता एक उचलला की बसावं लागतं.

…मग उद्या सांगते बाईंना, चौऱ्याहत्तर. सत्तर माझे, वरचे चार माया… विचारू देत का म्हणून. आता सांगता येईल.

खातेय, खातेय. हा डबा उघडला… तोंडात आहे, बोलायला लावू नकोस.

…गृहस्थ उठले वाटतं. ठेवते… नको, थांब, ठेवू नकोस. दोऱ्याचं टोक सापडलंय. ओढते हं… आला. अख्खा आला ताई, एकाच ओढीत.

तिने गाठच मारली नव्हती गं.

…हो… ठेवते.