टेकडीच्या वाटेवरचे नान

ओश शहरातल्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"बुरुलकान, आपली टेकडी वाचली म्हणे! खडीवाल्यांनी यंत्रं परत नेली?"

"नेली गं. झरा वाहतोय, अल्लाची कृपा."

"तुमच्या घोषणांना भ्याले?"

"छे! शेवटी आम्ही बायकांनी वाटेवर दस्तरखान, जेवणाची चादर, अंथरला आणि त्यावर गरम नान मांडले."

"नानवरून चाक कोण नेईल! पण तू म्हणे सगळ्यांच्या पुढे होतीस? तू तर कोंबडीला भ्यायचीस."

"हसू नकोस. पहिल्या यंत्राचा चालक खाली उतरला. म्हटलं, घास तोंडाला लावल्याशिवाय जायचं नाही, लेका. त्यानं घास घेतला आणि किल्ली नानशेजारी ठेवली. मग शहरातला एकही चालक त्या यंत्रावर बसेना."

"आणि त्याची नोकरी?"

"गेली. हा शेजारी बसलाय तोच तो चालक, एर्मेक. माझा गुडघा दाखवायला हाच घेऊन आलाय."

"अरे बाळा! बायको रागावली असेल?"

"खूप रागावली, आजी. मग उठून त्याच झऱ्याचं पाणी आणलं आणि चहा टाकला."

"हात पुढे कर, लेका. तुला दुवा देते."

त्यानं तळवे उघडले. मग दुवेत सामील व्हायला रांगेतल्या सगळ्यांनी उघडले. नंबर पुकारायला आलेली नर्सही हात पसरून दारातच थांबली.