पालकाची संमती

(सिडको, नाशिक. दुपार. बारावीतली राखी आणि तिची आई उज्वला.)

राखी – म्हणजे मंजुरी तू दिली नाहीस? शेखरकाकांनी दिली?

उज्वला – अगं, तूच म्हणालीस, मेसेजचं खातं बंद पडलंय, अठराच्या आतल्यांना आता पालकाची संमती लागते. माझ्या फोनवरून घेईचना. सिम त्यांच्या नावावर, आधारला नंबरही त्यांचाच. तुझे पप्पा गेल्यावर सगळं त्यांनीच केलं ना. म्हटलं, घरातलेच आहेत.

राखी – मला वाटलं, परवा तूच केलंस. आई, पालकाला दिसतं, मी कोणाशी बोलते ते.

उज्वला – मग? कोणाशी बोलतेस?

राखी – प्रतिभा मॅडमशी. कॉलेजच्या. सटाण्याच्या स्थळाचं लिहिलं त्यांना. अठरा व्हायला अजून सात महिने आहेत आणि परीक्षा झाली की लग्न लावतायत, असं. सोमवारी त्या बालकल्याणच्या बाईंना घेऊन येणार आहेत.

उज्वला – आणि मला सांगितलं नाहीस?

राखी – तू काकांना सांगितलं असतंस.

उज्वला – ...मला तरी कोणी विचारलं होतं, राखी? स्थळ ठरलं, हे मला चहा देताना कळलं.

राखी – आता काय करायचं? संमती काढायची तर तीही त्यांनीच काढायची. मला काढता येत नाही.

उज्वला – मॅडम राहतात कुठं?

राखी – पवननगरला. पाण्याच्या टाकीसमोर, पिवळी बिल्डिंग.

उज्वला – गप्प. गाडी लागली त्यांची.

शेखर – काय मायलेकींचं चाललंय? वहिनी, नियम एक नंबर आहे हां. पोरींवर लक्ष नको का कोणाचं?

राखी – काका, तुम्ही माझे मेसेज वाचता?

शेखर – छे! मेसेज दिसतच नाय. फक्त कोणाशी, किती वाजता, किती वेळ. ही प्रतिभा कोण गं?

उज्वला – मॅडम आहेत तिच्या. अभ्यासाचं विचारते.

शेखर – काल सव्वा तास?

राखी – परीक्षा जवळ आलीय.

शेखर – तेच म्हणतो मी. उगाच डोक्याला ताप. म्हणून आजपासून बंद करून टाकलंय ते. आणि सटाण्याला पण बोललो. म्हटलं परीक्षेची वाट कशाला बघायची, या रविवारीच उरकून घेऊ. परीक्षा काय, तिकडून पण देईल.

राखी – रविवारी?

शेखर – रडायला काय झालं? लय चांगली माणसं आहेत. वहिनी, चहा टाका.

उज्वला – टाकते. दूध घेऊन येते आधी.

शेखर – फ्रीजमध्ये होतं की सकाळी.

उज्वला – नासलं, भाऊजी. राखी, आतून कडी लावून अभ्यासाला बस. मी आल्याशिवाय उघडू नकोस.

शेखर – अहो, फोन राहिला तुमचा.

उज्वला – राहू द्या इथंच. इथल्या इथं तर जायचंय.