पराटी, पराठा आन शिवारताई

...पराठे. पराठे सांगून राहिली ते मले. भर पंचायतीत, साऱ्या गावासमोर. मी उपाशीतापाशी गेलतो, पराटीचं पान हातात घेऊन, आन ते मशीनीतली बाई मले म्हनते, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. हसू नोका भाऊ, तुमच्यावर आली असती म्हंजे समजलं असतं.

पराटी म्हंजे कपाशी हो. आमच्या वऱ्हाडात कपाशीच्या झाडाले पराटी म्हनते. आता हे तुमाले सांगा लागते, थे एक डाव मी समजू शकतो, तुमी शर्ट इकत घेता, झाडाशी तुमचं काय काम. पन जे मशीन कास्तकारासाठीच बनवलं, त्याले पराटी मालूम नाई? मंग त्याले मालूम तरी काय हाय?

तुमाले सांगतो, आमचं गाव आंबटढोरा, पातूरच्या वरत, डोंगरात. यष्टी खालच्या फाट्यावर सोडून देते आन मंग वर चढता चढता मानसाले आपले सारे पाप आठवते, असं गाव. तठी डिजिटल आनलं बाप्पा. कंपनीचा सायेब आला, पुन्याकडचा, घाटाच्या वळनानं जीपीतून उतरल्याबरोबर उलटी केली, तोंड धुतलं आन भाषन सुरू. ‘शेतकरी बांधवांनो, आजपासून तज्ज्ञ तुमच्या दारात.’ पंचायतीच्या भिंतीले टीवीसारखी पेटी ठोकली, छतावर थाळी लावली. बटन दाबलं का आतून बाई बोलते, आन तिले आपलं जे आयकू येते थे काचीवर लिहून दाखवते. ‘नमस्कार. मी शिवारताई. आपण मला शेतीविषयी काहीही विचारू शकता.’ आवाज काय गोड... आमच्या गावात इतक्या गोडीनं कोनी लगनाचं आवतनबी देत नाई. टाळ्या झाल्या. मीनंबी वाजवल्या, खोटं काहून बोलू?

आन त्या टाळ्याच्या मधातच सायबानं हळूच सांगून टाकलं, का आता या गावाले कृषी सहायकाची गरज नाई. आमचा पुंजाराम, थो बार्शीटाकळीकडं खाली पाठवून देल्ला. आता पुंजाराम काही लय मोठा शायना नोयता हो. पंधरा दिवसातून एकडाव फटफटी घेऊन ये, ज्याच्या घरी चाय त्याच्या घरी बसे, आन वावरात जायाच्या आधी बाजीवर एक झोप काढे. सांगे त्यातलं अर्धं चुके. पन त्याले बोललेलं समजे ना. ‘पुंजाराम, पराटी कशीशीच दिसून राहिली गा,’ एवढं म्हतलं तरी थो उठून संग ये.

झालं. पुंजाराम गेला आन दसऱ्याच्या तोंडावर माही पराटी लाल पडाले लागली. पहिले धुऱ्याकडची, मंग मधातली, मंग जिकडं पाहा तिकडं लाल. बोंडं भराचा वकत, आन पान लाल म्हंजे बोंड उपाशी. त्या वावरावर आमचं वर्स निघते, दुसरं काही नाई आमच्यापाशी. भेव वाटला मले, खरं सांगतो. रातच्याले जेवन गेलं नाई. सुभद्रा, मायी बायको, म्हने, ‘आवं, भिंतीतल्या बाईले त विचारा, फुकटची हाय.’

गेलो. आंघोळ करून गेलो, बाईमानसासमोर जायाचं म्हनून. बटन दाबलं. म्हतलं, ‘बाई, अवंदाची पराटी लाल पडून राहिली.’

अवंदा म्हंजे यावर्षी. आता याच्यात कठीन काय हाय? तिनं उलीसा इचार केला आन काचीवर लिहिलं, कांद्याचा पराठा. ‘कांद्याचा पराठा लाल होईपर्यंत मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. सोबत दही द्या.’

मांगं सारी पंचायत लोळून राहिली हासून हासून. मले राग आला. म्हतलं, ‘पराठा नाई वं, पराटी, पराटी. पानं लाल होऊन राहिली, बोंडं गळून राहिली.’

‘आपण कोठे राहता? कृपया राहण्याचा पत्ता सांगा.’

‘होऊन राहिली’ म्हतलं त तिले राहनंच आयकू आलं. मी इथंच राह्यतो ना बाई, कोठी जाऊ? मी म्हतलं, ‘काहून समजत नाई वं तुले? काहून?’

‘कावीळ झाल्यास तातडीने डॉक्टरांना भेटा. क्षमस्व, आपला आवाज स्पष्ट नाही. कृपया स्पष्ट बोला.’

स्पष्ट बोला. माहा आवाज डोंगराच्या त्या बाजूच्या मानसाले आयकू जाते, आन हे मले म्हनते स्पष्ट बोला. आन येवढ्यावर भागलं का? आठ दिवसांनं खालून दवाखान्याची गाडी आली, आंबटढोऱ्यात काविळीची साथ हाय म्हने. साऱ्या गावाचे डोळे तपासले. काहून म्हंजे कशाले, आन काहून-काहून कोन करत नाई हो वऱ्हाडात?

पन पराटी त लालच होती ना. दवाखान्याच्या डाक्टरले पान दाखवलं त थो म्हने, मी मानसाचा हाव. मंग ठरवलं, आता शुद्धच बोलाचं. सुभद्रानं शिकवलं, तिचे मराठीचे मार्क लय चांगले होते, सातवीपर्यंत. ‘ले नाई म्हनाचं, ला म्हनाचं. मले नाई, मला.’ मी वखर हाकलता हाकलता घोकून राहिलो, माझ्या कापसाच्या झाडांची पाने लाल झाली आहेत, माझ्या कापसाच्या झाडांची पाने लाल झाली आहेत... बैलं थांबले. त्यायले वाटलं मालक बदलला.

पंचायतीत गेलो, टोपी सारखी केली, एका दमात बोललो. ‘माझ्या कापसाच्या झाडांची पाने लाल झाली आहेत.’ आन काय सांगू तुमाले, तिले समजलं. ‘छान. पाने कधीपासून लाल झाली आहेत?’ अरे बाप्पा... मले असा आनंद झाला, असा आनंद झाला, का तोंडातून निंगूनच गेलं, ‘लय दिसापासून होऊन राहिली ना वं माय!’

‘कृपया राहण्याचा पत्ता सांगा.’

मी पायरीवर बसून गेलो. डोळ्यात पानी आलं हो, लाज काहाची त्याच्यात. तेवढ्यात खुर्शीदबी आली. तिचं वावर माया वावराले लागून हाय, लाल्या, म्हंजे हाच पान लाल पडाचा रोग, तिच्याबी पराटीवर. म्हने, ‘हटो नत्थूभाई, तुम इसकू डरा रै.’ तिनं हिंदीचं बटन दाबलं. आता तिची हिंदी म्हंजे आपली इकडचीच, अर्धी मराठी, अर्धी बाजारातली. म्हने, ‘बाई, मेरे कपाशी के पत्ते लाल हो रै, बोंडा गिर रै, क्या करनेका?’

आन ते भवानी काय बोलली असन? ‘बहनजी, चिंता न करें. मॅग्नेशियम सल्फेट का छिड़काव कीजिए.’

एका दमात. ना पत्ता, ना पराठा. म्हंजे हिंदी कशीबी बोला, चुरगळलेली चालते. मराठी मात्र इस्तरी केलेलीच पायजे. मराठी कास्तकार, मराठी मुलुख, आन मायी पराटी वाचवाले दुभाषी कोन, त खुर्शीदबी. त्या दिसापासून सारं गाव तिच्या मांगं. ‘खुर्शीदबी, आमच्या म्हशीचं विचार.’ ‘खुर्शीदबी, तुरीचं विचार.’ ते बिचारी सैपाक सोडून पंचायतीत उभी.

खाली पातूरले जाऊन औषध आनलं, फवारलं. पन तोवर उशीर झालता. खालची बोंडं हाती लागली, शेंड्याची सारी गळाली. अर्धं वावर गेलं. पुंजाराम असता त बाजीवरून उठल्याबरोबर त्याच दिवशी सांगून मोकळा झाला असता, चुकीचं सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी जाऊन भांडलो तरी असतो. भिंतीशी भांडून काय करता?

मंग सायेब आला, अभिप्राय घ्याले. गावानं ठरवलं, एकच मांगायचं, पुंजारामले वापस द्या. बोलाले कोन, त नत्थुजी, कारन नत्थुजीची पेटीवाल्या बाईशी जुनी ओळख. सायेब म्हने, ‘काका, मला नका सांगू, शिवारताईला सांगा. थेट मुंबईला पोचतं.’ खुर्शीदबी पुढं आली, ‘मै बोलू क्या नत्थूभाई?’ मी म्हतलं, नाई. हे एवढं मी मायाच बोलीत सांगीन. दुख माहं हाय.

बटन दाबलं. हळू बोललो, एकेक शब्द मोकळा मोकळा. ‘बाई, आमाले मानूस पायजे.’

आन तुमाले सांगतो, पहिल्या डावात समजलं तिले. कृपया स्पष्ट बोला नाई, काही नाई. ‘धन्यवाद. आपली मागणी नोंदवली आहे.’ लोकायनं टाळ्या वाजवल्या. सुभद्रा मांगं उभी राहून पदरानं डोळे पुसून राहिली. मी काचीकडं पाह्यलं. काचीवर लिहिलं होतं, ‘आम्हाला मान्सून पाहिजे.’

मी तोंड उघडलं, पन सायबानं माया खांद्यावर हात ठेवला. ‘मागणी अगदी रास्त आहे काका. पण ते वरच्याच्या हातात.’ मी म्हतलं, मंग वरच्यालेच सांगा ना सायेब. त थो आभायाकडं पाहून हात जोडून उभा राह्यला.

मंग मीनंबी जोडले. काय करता... आता पुंजाराम आलाच, त ढगातूनच येईन.